चावीला बांधलेली घंटी

२ एप्रिल, बुधवार

आज हसून हसून पोट दुखलं. संडासाच्या चावीला घंटी बांधली.

नीट लिहिते, नाहीतर म्हातारपणी वाचताना मलाच कळायचं नाही. आमच्या लॉन्ड्रीच्या हॉलमध्ये संडास नाही. मागच्या जिन्याने वर जायचं, तिथे शेजारच्या छापखान्याबरोबर मिळून एकच आहे. चावी मालकांच्या टेबलामागे खिळ्याला. हरवू नये म्हणून तिला वीतभर लाकडाचा ठोकळा लावलाय. तो ठोकळा हातात घेऊन सगळ्यांच्या मधून जायचं, म्हणजे तसंही दवंडी पिटल्यासारखंच. मी म्हटलं, कळणारच आहे तर नीट कळू दे. आमच्या मांजराच्या गळ्यातली घंटी घरी पडून होती, ती ठोकळ्याला बांधली.

पहिला बकरा लांब्या. लांब्या म्हणजे वाफेच्या इस्त्रीवरचा, दाराच्या चौकटीतून वाकून शिरतो तो. त्याने चावी उचलली, घंटी वाजली आणि मी ओरडले, “मधली सुट्टी!” मी शाळेत फक्त मधल्या सुट्टीसाठीच जायचे, त्यामुळे आवाज अगदी अस्सल लागला. मालक एरवी दाढ दुखत असल्यासारखे बसलेले असतात, तेसुद्धा हसले. दुपारपर्यंत अख्खा हॉल शिकला. कुणीही चावीला हात लावला की सगळे एका सुरात मधली सुट्टी.

मावशी पाच वेळा गेली. पाचव्या वेळी धुलाई मशीनवरच्या दोघांनी डब्यावर ताल धरला. ती हसली, जाताना मला टपली मारली, कार्टे म्हणाली. परत येताना तिने घंटी मुठीत घट्ट धरली होती, वाजू नये म्हणून. ते बघून मला अजूनच हसू आलं.

५ एप्रिल, शनिवार

मावशी कोण ते लिहायचं राहिलं. तयार कपड्यांच्या काउंटरवर बसते. साठीच्या पुढची आहे, माझी सख्खी मावशी नाही, सगळ्यांचीच आहे. आमच्याकडे रोजच्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांना चिठ्ठी लावत नाहीत. मालक म्हणतात, टाचणी वाफेत गंजते आणि डाग पडतो. खरी गोष्ट अशी की मावशी असताना चिठ्ठी लागतच नाही. दांडीवर शंभर पांढरे शर्ट टांगलेले असले तरी माणूस दारात दिसला की तिचा हात त्याच्या शर्टावर गेलेला असतो. हा कॉलर घासतो, त्याच्या डाव्या खिशात पेन फुटलं होतं, या बाईंच्या ब्लाउजचं तिसरं बटण बदललेलं. सगळं डोक्यात.

म्हणून माझा तिच्याशी खेळ चालतो. ती जेवायला गेली की मी दोन सारखे शर्ट अदलाबदल करून ठेवते. परत आली की लांबूनच म्हणते, “काढ गं ते, पाप लागेल.” दोन वर्षांत एकदाही फसली नाही. आज हेडमास्तरांचा आणि बँकेतल्या साहेबांचा बदलला. हातातला डबासुद्धा खाली न ठेवता पकडलं.

९ एप्रिल, बुधवार

मावशी आज दिवसभरात एकदाच वर गेली. मालक म्हणाले, घंटीमुळे शिस्त आली, हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं. मी कॉलर ताठ केली.

मावशी घरून मोठी स्टीलची बाटली आणायची, दोन लिटरची, आणि काउंटरवरचा जग वेगळा. आता बाटली आणत नाही. म्हटलं, का गं? तर म्हणे, खांदा दुखतो, ओझं कशाला. चहा मात्र तीनदा घेते, कडक, अर्धा कप. गरम व्हायला लागलंय. हॉलच्या इस्त्रीकडच्या टोकाला तर भट्टीच. मी दिवसभर नळाला तोंड लावून असते. मला काय, मी घंटी वाजवत नाचत जाते.

१५ एप्रिल, मंगळवार

आज मजा नाही आली.

मावशी सकाळपासून चिडलेली. लांब्याने हँगर जरा जोरात अडकवला तर त्याच्यावर खेकसली. कपाळाला रुमाल बांधून बसली होती, डोकं ठणकतंय म्हणे. मी म्हटलं हिला हसवू. ती जेवायला गेली तेव्हा पुन्हा हेडमास्तर आणि बँकवाल्याचा शर्ट बदलला. आली, बसली, दांडीकडे बघितलं. काही म्हणाली नाही. मला वाटलं मुद्दाम गंमत करतेय. चार वाजता हेडमास्तर आले आणि तिने बँकवाल्याचा शर्ट काढून दिला, कागदात बांधून.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ते दारात होते, मालक बघत होते, आणि मी घड्या घालत राहिले. म्हटलं, उद्या गुपचूप बदलून आणू.

१६ एप्रिल, बुधवार

हेडमास्तर दुकान उघडायच्या आधीच हजर. शर्ट पोटावर बसत नव्हता, शाळेत पाहुणे होते, ते जुना शर्ट घालून बसले. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं. मावशी शर्ट हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली. म्हणाली, माझ्या हातून कसं झालं? मालक म्हणाले, होतं मावशी, वय आहे. ते “वय आहे” तिला फार लागलं, मी बघितलं.

मी चिमटे पुसत होते. सगळे चिमटे पुसून झाले, मग परत पहिल्यापासून पुसले.

शपथ, पुन्हा शर्ट बदलणार नाही.

२३ एप्रिल, बुधवार

हे मी केलेलं नाही. इथे लिहून ठेवते, उद्या कुणी विचारलं तर.

सोमवारी मावशीने दवाखान्याचे कोट नाटकवाल्यांना दिले. आज एका बाईंना त्यांची साडी सापडेना, ती मावशीनेच मागच्या दांडीवर ठेवली होती आणि विसरली. आणि दुपारी मला हाक मारायला तोंड उघडलं तर काही येईना. माझ्याकडे बघतेय, बोट माझ्याकडे, पण नाव नाही. मी म्हटलं, कार्टी म्हण, तेवढं चालतं. ती हसली नाही.

म्हणजे पहिली चूक माझी. बाकीच्या तिच्या. हिशोब सरळ आहे. मग रात्रीचं जेवण का गेलं नाही कोण जाणे. आईला वाटलं बाहेर काहीतरी खाऊन आले.

२८ एप्रिल, सोमवार

आज एक माणूस कोट न्यायला आला. मुलाखतीला जायचं होतं, घाईत होता. मावशी दांडीसमोर जाऊन उभी राहिली. कोट समोरच होता, मला इथून दिसत होता. ती एकेक कपडा हाताने चाळत होती, पुढे जायची, परत मागे यायची. माणसाने दोनदा घड्याळ बघितलं. तिचे ओठ कोरडे, पापुद्रे आलेले, आणि त्यावरून जीभ फिरवत होती. शेवटी मीच जाऊन कोट काढून दिला. ती तशीच उभी. मग माझा दंड धरला आणि खाली बसली, स्टुलावर नाही, जमिनीवर.

मालकांनी पंखा तिच्याकडे फिरवला. उद्यापासून घरी आराम करा म्हणाले, बरं वाटलं की बघू. तिच्या मुलाला फोन केला.

तो येईपर्यंत मी तिच्याजवळ होते. हळू आवाजात म्हणाली, तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू, मग नावं. शेवटची दोन वर्षं आई तिला भाजीवाली समजायची, भाव विचारायची. “मी मेले तरी चालेल,” म्हणाली, “पण नातीला भाव विचारायची वेळ नको यायला.”

मी पाणी आणू का विचारलं. तिने पटकन मागच्या जिन्याकडे बघितलं आणि नको म्हणाली.

३० एप्रिल, बुधवार

मला काउंटर दिलं. मावशीचं स्टूल, मावशीची कात्री, पगारही वाढला. आईने सगळ्या चाळीला सांगितलं. मालकांनी कापडी चिठ्ठ्या आणल्यात, दोऱ्याने बांधायच्या, म्हणजे गंजायचा प्रश्न नाही. लांब्या म्हणाला, राणीसाहेब गादीवर बसल्या. मी त्याला हँगर फेकून मारला. नेम चुकला.

मावशीला सहा तारखेला मोठ्या दवाखान्यात नेणार आहेत, विसरण्याच्या डॉक्टरकडे. मुलाने मालकांना सांगितलं, तिथे पक्कं झालं की कामावर पाठवणार नाही, घरातही एकटं ठेवणार नाही. गॅसला हात लावू देत नाहीत आत्ताच.

मी सोडून सगळे वाईट वाटतंय म्हणत होते. मी म्हटलंच नाही, कारण ते तोंडातून निघताना खोटं वाटलं असतं.

३ मे, शनिवार

आज कळलं. क्रमाने लिहिते.

शनिवारची गर्दी म्हणजे काउंटर सोडता येत नाही. वर जायचं तर चावी मालकांकडून घ्यायची, घंटी वाजणार, रांगेतली बारा माणसं वळून बघणार. शाळेतले दोन मास्तर होते, एक आमच्या गल्लीतला मुलगा होता, त्याचं तर जाऊच दे. म्हटलं, आपण पाणीच नको प्यायला, म्हणजे जायला नको. सोपं. सकाळी एक चहा, दुपारी एक चहा.

तीन वाजता डोकं धरलं. चार वाजता कुणी काही बोललं की दोनदा विचारावं लागत होतं. आणि पाचला छापखान्याचे मालक समोर उभे. रोज बघते त्यांना, दोन वर्षं. त्यांचं नाव येईना. चिठ्ठी हातात होती, त्यावर लिहिलेलं वाचता येत होतं, पण ते आणि समोरचा माणूस एक आहेत हे डोक्यात जुळायलाच तयार नाही. मी त्यांना विचारलं, तुमचं काय होतं? ते म्हणाले, पोरी, बस जरा.

घरी येऊन आडवी झाले. ताई औषधांच्या दुकानात कामाला आहे, तिने साखर-मीठ घातलेलं पाणी दिलं, घोट घोट पी म्हणाली. मग विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यायलीस? मी म्हटलं, नाही प्यायले. तर म्हणे, मूर्ख आहेस का, त्या वाफेत? मेंदूला पाणी कमी पडलं की आधी लक्ष उडतं, चिडचिड होते, डोकं दुखतं, साधे शब्द आठवत नाहीत. तुझं वय आहे म्हणून एका दिवसात सावरशील. म्हाताऱ्या माणसांना तर तहान लागलेली कळतच नाही, ती सरळ गोंधळायला लागतात, आणि घरच्यांना वाटतं बुद्धी गेली.

मी उठून बसले. ताई म्हणाली, झोप. मी म्हटलं, बाटली.

तिला काही कळलं नाही. मला सगळं कळलं. बाटली घरी राहिली ती खांद्यासाठी नाही. पाच वेळा, मग एकदा, मग शून्य. घंटी मुठीत घट्ट धरून चालणारी मावशी, आणि मी हसतेय.

हिशोब सरळ आहे असं लिहिलं होतं मी. दहा दिवसांपूर्वी, याच वहीत.

४ मे, रविवार

सकाळी मालकांकडून दुकानाची किल्ली मागून घेतली, रुमाल विसरलाय सांगून. घंटी कापून टाकली. बाहेर आले आणि कळलं की याचा आता काही उपयोग नाही. मावशी घरी आहे. घंटी काढल्याने फक्त मला बरं वाटणार होतं, आणि तेही नाही वाटलं.

मग तिच्या घरी गेले. दार सुनेने उघडलं, दमलेली दिसत होती, म्हणाली, बस, पण दमवू नकोस त्यांना. मावशी खिडकीजवळ. बाजूला पाण्याचा पेला, झाकण ठेवलेला, भरलेला. तहान लागतच नाही गं, म्हणाली. सवयच गेली.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. घंटी, हेडमास्तरांचा शर्ट, काल माझं काय झालं, ताई काय म्हणाली, सगळं. मध्ये कुठेतरी रडायला लागले, पण थांबले नाही, कारण थांबले असते तर परत सुरू झालं नसतं.

मला वाटलं आता टपली मारेल. मारली असती तर किती बरं झालं असतं.

“तो शर्ट तू बदलला होतास?” एवढंच विचारलं.

मी मान हलवली.

“मी त्या रात्री झोपले नाही. डोळे मिटून सगळ्यांचे शर्ट आठवत बसले होते, एकेक. मला वाटलं, सुरुवात झाली.”

मी तिच्या पायाशी बसले. तिने पाय मागे घेतले. म्हणाली, घंटीचं काही नाही, घंटी सगळ्यांनाच होती. पण या वयात बाईला दिवसातून पाच वेळा जावं लागतं, आणि पाचही वेळा तरुण पोरं ताल धरतात, तेव्हा ती जायचं बंद करते. “तुला नाही कळायचं. तुला कळावं असं म्हणतही नाही मी.”

मग म्हणाली, मला सांगून काय उपयोग? माझ्या बोलण्यावर आता या घरात कुणाचा विश्वास नाही. मी म्हटलं पाण्यामुळे झालं, तर मान हलवतील आणि बाहेर जाऊन कुजबुजतील. परवा दवाखान्यात ये. डॉक्टरला सांग, माझ्या मुलासमोर सांग, सुनेसमोर सांग. सगळं, शर्टासकट.

मी हो म्हटलं. निघताना तो पेला उचलून तिच्या हातात दिला. तिने दोन घोट घेतले, माझ्याकडे न बघता.

६ मे, मंगळवार

मालकांना खरं सांगितलं तेव्हा त्यांनी सुट्टी दिली. आधी विचारलं, घंटी तू बांधलीस तेव्हा हसलो होतो का मी? मी म्हटलं, हो. ते चष्मा पुसत बसले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, तरुणच होत्या. मुलगा फाइल उघडून महिन्याभराचं वाचून दाखवत होता, कोणत्या तारखेला काय विसरली. मावशी भिंतीकडे बघत होती. त्याचं झाल्यावर मी म्हटलं, मला बोलायचंय. माझं बोलणं म्हणजे चावी, ठोकळा, घंटी, मधली सुट्टी. इतक्या थंड खोलीत, पांढऱ्या टेबलासमोर, ते इतकं घाणेरडं वाटलं. सून माझ्याकडे बघत होती. मुलगा म्हणाला, मग आम्हाला आधी का नाही सांगितलंस, आई? मावशी म्हणाली, काय सांगायचं, संडासचं?

डॉक्टरीणबाईंनी मावशीची जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, रक्त-लघवी तपासायला दिलं. म्हणाल्या, स्मरणाची परीक्षा आज घ्यायची नाही, आज घेतली तर नापासच होतील. आधी पाणी. थोडं थोडं, ठरवून, तहानेची वाट न बघता. लघवीचा अहवाल तासाभरात आला तेव्हा म्हणाल्या, थोडा संसर्गही झालाय, दाबून धरल्याने तेही होतं, आणि त्यानेसुद्धा या वयात माणूस गोंधळतो. तीन आठवड्यांनी या. मुलाने विचारलं, म्हणजे बाकी काही नाही ना? त्या म्हणाल्या, तसं आत्ता सांगता येणार नाही. बघू.

मला वाटलं होतं त्या म्हणतील, काही नाही, फक्त पाणी. म्हणजे मी सुटले असते.

११ मे, रविवार

ताईने विचारलं, वहीत काय लिहीत असतेस सारखी. म्हटलं, विनोद.

२८ मे, बुधवार

परीक्षा झाली. सुनेने फोन केला, मला, स्वतःहून. मावशी पास. तीसपैकी अठ्ठावीस. एक गुण वाराचा गेला, एक तारखेचा, आणि ती तर मलाही सांगता येत नाही. संसर्ग गेलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काम करू द्या, पण पाणी आणि जायची सोय दोन्ही हवं.

मी लांब्याला मिठी मारायला गेले, तो टेबलापलीकडे पळाला.

मालकांनी छापखान्याशी बोलून काउंटरच्या मागूनच जिन्याला एक दार काढून घेतलंय. आता हॉलमधून जावं लागत नाही. चावीच नाही, आतून कडी.

२ जून, सोमवार

मावशी आली. मी स्टूल सोडून उभी होते. तिने विचारलं, पगार कमी केला का तुझा? मी म्हटलं, मीच सांगितलं करायला. म्हणाली, बरं केलंस. एवढंच.

काउंटरवर दर तासाला ती अर्धा पेला पाणी पिते, घड्याळ बघून, औषध घ्यावं तसं. कुणी काही म्हणत नाही. सगळे इतके नीट वागतात की माझ्याच अंगावर येतं.

पहिलं गिऱ्हाईक हेडमास्तर. दारात दिसले आणि मावशीचा हात दांडीवरच्या शंभरातल्या बरोबर त्या शर्टावर गेला, आधी जायचा तसाच, न बघता. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला म्हणेपर्यंत तिचा हात थांबला. तिने शर्ट काढला नाही. कॉलरच्या आत बोट घालून दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी बाहेर ओढली, डोळ्यांजवळ नेऊन वाचली, मग हेडमास्तरांकडे बघितलं, मग परत चिठ्ठी.

संध्याकाळपर्यंत मी तिच्या बाजूला कपड्यांच्या घड्या घालत होते. एक्केचाळीस माणसं आली. एक्केचाळीस वेळा हात बरोबर गेला.

एक्केचाळीस वेळा तिने चिठ्ठी उलटून बघितली.